तार दोनशे मीटरवर, घर अंधारात: घरगुती सौर विजेचा बाजार कसा चालतो

पश्चिम केनियातल्या दीडशे ग्रामीण वस्त्यांमधलं घर न् घर काही अर्थशास्त्रज्ञांनी नकाशावर मांडलं आणि विजेच्या तारा कुठवर आल्या आहेत ते तपासलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत एक विचित्र गोष्ट समोर आली. वीज नसलेल्या घरांपैकी निम्मी घरं कमी दाबाच्या तारेपासून दोनशे मीटरच्या आत होती. खांब डोळ्यांना दिसत होता, ट्रान्सफॉर्मर गावात होता, तरी घरात वीज नव्हती. कारण साधं होतं. त्या काळी जोडणीचं शुल्क ३५,००० केनियन शिलिंग होतं. ज्या घरात हातात येणारा पैसा दिवसाला शे-दोनशे शिलिंगांच्या हिशोबाने येतो, त्या घराला एवढी रक्कम एकरकमी भरणं जवळजवळ अशक्य.

वीज नसलेलं घर म्हटलं की आपल्याला डोंगरापलीकडचा दुर्गम पाडा आठवतो. असे पाडे आहेतच. पण २०२२ साली जगात ज्या सुमारे ६८ कोटी ५० लाख लोकांकडे वीज नव्हती (त्यातले सुमारे ५७ कोटी सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत), त्यांच्यातल्या फार मोठ्या संख्येचा प्रश्न अंतराइतकाच पैशाच्या लयीचा आहे. उत्पन्न थोडं थोडं आणि अनियमित येतं, वीज मात्र मोठी रक्कम एकदम मागते. घरगुती सौर विजेचा बाजार उभा राहिला तो या विसंगतीवर. त्यामुळे तो समजून घ्यायचा तर छपरावरच्या पॅनेलपेक्षा हप्त्यांच्या वहीकडे जास्त वेळ पाहावं लागतं.

संचात काय असतं

या बाजारातली सगळ्यात लहान वस्तू म्हणजे सौर कंदील. तळहाताएवढं पॅनेल, एक दिवा आणि जमलं तर फोन चार्ज करायची जागा. त्याच्या वरचा प्रकार म्हणजे घरगुती सौर संच. छपरावर आठ-दहा वॉटपासून शंभर-दोनशे वॉटपर्यंतचं पॅनेल, आत बॅटरी, तिचं चार्जिंग सांभाळणारं नियंत्रक, दोन-चार दिवे, एखादा रेडिओ. संच मोठा असेल तर पंखा किंवा टीव्ही. बहुतेक संच डीसी विजेवर चालतात, म्हणून बाजारातलं नेहमीचं उपकरण त्यांना तसंच जोडता येत नाही. दिवा, पंखा, टीव्ही हे सगळं त्या संचासाठी बनवलेलंच घ्यावं लागतं.

जागतिक बँकेच्या एका कार्यक्रमाने २०१५ साली विजेच्या उपलब्धतेसाठी शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवर घराला रोज किमान १२ वॉट-तास वीज मिळायला हवी. दोन-तीन दिवे थोडा वेळ लावले आणि एक फोन चार्ज केला की ती संपते. दुसऱ्या पायरीला रोज २०० वॉट-तास लागतात, म्हणजे पंखा आणि टीव्ही आवाक्यात येतात. पाचव्या पायरीवर हा आकडा रोज ८.२ युनिट, म्हणजे ८,२०० वॉट-तास होतो. पहिली आणि पाचवी यांच्यात जवळजवळ सातशेपट फरक आहे. ‘अमुक लाख घरांना वीज मिळाली’ असं वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, कोणत्या पायरीची? या क्षेत्रातल्या अहवालांमध्ये हे उत्तर बहुधा आत कुठेतरी असतं, पण मथळ्यात क्वचितच येतं.

दिवा आधी बदलला

पॅनेल स्वस्त झाले म्हणून हा बाजार वाढला, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. केनियात १९८० च्या दशकापासून खासगी दुकानदार पॅनेल आणि मोटारीची बॅटरी विकत होते. गिऱ्हाईक होते शिक्षक, चहा-कॉफीचे शेतकरी, नियमित उत्पन्न असलेली कुटुंबं. त्यांनाही संच महागच पडायचा, कारण जुन्या पद्धतीचे दिवे वीज फार खात. साध्या तारेचा बल्ब एका वॉटमधून बारा-तेरा ल्युमेन (ल्युमेन हे प्रकाशाचं माप) प्रकाश देतो. आजचा एलईडी तेवढ्याच विजेत शंभराच्या वर जातो. म्हणजे तोच प्रकाश हवा असेल तर पॅनेल आठ-दहा पटींनी लहान चालतं, बॅटरीही तितकीच लहान चालते, आणि संचाची किंमत खाली येते. २०१४ साली निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा ग्रिडपासून, म्हणजे विजेच्या सार्वजनिक जाळ्यापासून, वंचित असलेल्या दीड अब्ज लोकांचा उल्लेख पुरस्काराच्या निवेदनातच होता. प्रयोगशाळेतला शोध आणि अंधारातलं घर यांचा इतका सरळ संबंध फार थोड्या वेळा जुळतो.

पुढे लिथियम बॅटऱ्या स्वस्त झाल्या, आणि कमी विजेवर चालणारे टीव्ही-पंखे आले. पंधरा-वीस वॉटचा टीव्ही मिळू लागल्यावर पन्नास वॉटच्या पॅनेलला अर्थ आला. या क्षेत्रात काम करणारे लोक विजेच्या उत्पादनाइतकंच उपकरणाच्या काटकसरीबद्दल बोलतात, त्याचं कारण हेच. इथे वाचवलेला प्रत्येक वॉट म्हणजे गरिबाच्या हप्त्यातून कमी झालेला पैसा.

हप्ता रोजचा की महिन्याचा

बेंगळुरूच्या सेल्को या सौर कंपनीचे सहसंस्थापक हरीश हांडे एक अनुभव अनेकदा सांगतात. एका फेरीवाल्या विक्रेत्या बाईंना महिन्याचे तीनशे रुपये परवडत नव्हते, पण रोजचे दहा रुपये चालणार होते. गणित एकच, तरी तिच्या दृष्टीने ते एक नाही. तिच्या हातात पैसा संध्याकाळी येतो आणि सकाळपर्यंत माल घ्यायला जातो. तीनशे रुपये साठवायला जागाच नसते. सेल्को १९९५ पासून बँकांना सोबत घेऊन कर्जाचे हप्ते गिऱ्हाइकाच्या कमाईच्या चालीप्रमाणे बसवत आली, आणि या कामासाठी हांडे यांना २०११ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हाच प्रश्न बांगलादेशाने मोठ्या प्रमाणावर सोडवला. १९९६ साली ग्रामीण शक्ती ही संस्था सुरू झाली. २००३ साली इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेने जागतिक बँक आणि इतरांच्या मदतीने देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. इडकॉल स्वतः संच विकत नसे. ती भागीदार संस्थांना स्वस्त कर्ज देई. त्या संस्था गावात संच बसवत, थोडी रक्कम आधी घेत आणि उरलेली दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांत. हप्ता घ्यायला येणारा माणूसच बॅटरी तपासायचा आणि जळलेला दिवा बदलायचा. वसुली आणि दुरुस्ती एकाच फेरीत होत असल्याने दोन्ही खर्च आटोक्यात राहिले. मला या सगळ्या कहाणीतली ही सगळ्यात हुशार रचना वाटते, कारण गिऱ्हाइकाला पैसे देताना समोर तक्रार ऐकणारा माणूस दिसत होता. पहिलं उद्दिष्ट ५०,००० संचांचं होतं, ते मुदतीच्या तीन वर्षं आधीच, २००५ मध्ये पूर्ण झालं. २०१८ पर्यंत ४१ लाखांवर संच लागले आणि सुमारे दोन कोटी लोकांच्या घरात दिवे आले.

बांगलादेशात हे जमलं, कारण लोकवस्ती दाट आहे. एक माणूस दिवसात अनेक घरी जाऊ शकतो. पूर्व आफ्रिकेत घरं विखुरलेली आहेत. तिथे पन्नास शिलिंग वसूल करायला शंभर शिलिंगांचं पेट्रोल जाळावं लागलं असतं. ती कोंडी फोडली मोबाईलने. सफारीकॉम या मोबाईल कंपनीने २००७ साली केनियात एम-पेसा सुरू केलं आणि साध्या फोनवरून कोणीही कोणालाही छोटी रक्कम पाठवू लागलं. एम-पेसा उभारण्यात व्होडाफोनच्या बाजूने काम केलेले निक ह्यूज पुढे एम-कोपा या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. २०१२ साली एम-कोपा बाजारात आली. तिने हप्ता रोजचा केला आणि वसुलीला जाणारा माणूसच काढून टाकला.

यंत्रणा अशी चालते. संचात एक कुलूप असतं, पण ते सॉफ्टवेअरचं. गिऱ्हाईक फोनवरून पैसे भरतो. काही संचांमध्ये सिमकार्ड असतं, त्यावर थेट संदेश येतो आणि संच तेवढ्या दिवसांसाठी चालू होतो. स्वस्त संचांमध्ये सिम नसतं. गिऱ्हाइकाला आकड्यांचा एक कोड येतो, तो संचावरच्या बटणांनी टाकायचा. पैसे संपले की दिवे बंद. पुन्हा भरले की सुरू. ठरलेली रक्कम पूर्ण झाली की कुलूप कायमचं उघडतं आणि संच घराचा होतो.

ही सोय वाटते त्याहून मोठी आहे. गरीब माणसाला कर्ज न मिळण्याचं मुख्य कारण म्हणजे त्याच्याकडे तारण ठेवायला काही नसतं, आणि असलं तरी जप्त करायला माणूस पाठवणं सावकारालाही परवडत नाही. कुलपामुळे संच स्वतःच स्वतःचं तारण बनतो आणि जप्ती एका संदेशावर होते, तीही परत फिरवता येण्यासारखी. पॉल गर्टलर, ब्रेट ग्रीन आणि कॅथरीन वुल्फ्रम यांनी युगांडात यावर प्रयोग केला. ज्या कुटुंबांनी फेनिक्स कंपनीच्या संचाचे हप्ते आधीच फेडले होते, त्यांना मुलांच्या शाळेच्या फीसाठी कर्ज देऊ केलं. काहींच्या संचाला पुन्हा कुलूप लावायची अट होती, काहींच्या नव्हती. कुलपाच्या अटीमुळे कर्ज बुडण्याचं प्रमाण १९ टक्के बिंदूंनी कमी झालं, आणि या कर्जामुळे शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं. छपरावरचं पॅनेल त्या घराचं आयुष्यातलं पहिलं तारण ठरलं.

मात्र कुलपाला दुसरी बाजूही आहे. आजारपणात, दुष्काळात, पीक हाती यायच्या आधीच्या कडक महिन्यांत पैसे नसतात, आणि नेमका तेव्हाच घरात अंधार होतो. वीज मंडळाचं बिल थकलं तर नोटीस येते, मुदत मिळते, दाद मागायची जागा असते. इथे करार कंपनीशी असतो. चांगल्या कंपन्या अशा वेळी सवलतीचे दिवस देतात आणि ज्याला झेपत नाही त्याचा संच परत घेतात. पण ही सवलत बहुतेक ठिकाणी त्यांच्या मर्जीवर आहे. मला हे पटत नाही. दिवा ही चैनीची वस्तू नाही आणि तो बंद करण्याचे नियम सार्वजनिक असायला हवेत.

महाग की स्वस्त?

एम-कोपाचा एका काळचा प्रसिद्ध संच घेऊन हिशोब करून पाहू. आठ वॉटचं पॅनेल, दिवे, रेडिओ, फोन चार्जर. सुरुवातीला २,९९९ शिलिंग, मग वर्षभर रोज ५० शिलिंग. म्हणजे वर्षाचे १८,२५० आणि एकूण २१,२४९ शिलिंग. आठ वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला पाच तास पूर्ण ताकदीने चाललं असं धरलं तर ४० वॉट-तास होतात. बॅटरी आणि वायरिंगमधली घट वजा जाता हाती ३० येतील. वर्षाला सुमारे ११ युनिट. संच पाच वर्षं टिकला तर ५५ युनिट. म्हणजे एक युनिट पडलं जवळजवळ ३८६ शिलिंगांना, जेव्हा ग्रिडची वीज वीस-पंचवीस शिलिंगांच्या आसपास मिळत होती.

हा आकडा पाहून काही जण म्हणतात, ही तर गरिबांची लूट. पण गिऱ्हाईक युनिट विकत घेत नाही. त्याची तुलना रॉकेलच्या चिमणीशी, टॉर्चच्या सेलशी आणि गावातल्या दुकानात पैसे देऊन चार्ज केलेल्या फोनशी असते. चिमणी दहा-बारा ल्युमेन प्रकाश देते. तिच्या काजळीचं मोजमाप २०१२ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा जळालेल्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्के भाग जवळजवळ शुद्ध काजळी होऊन हवेत जातो असं दिसलं. ती काजळी घराच्या आतच साठते, श्वासातून छातीत जाते. शिवाय चिमणी कलंडून होणारे अपघात वेगळे. या सगळ्यापुढे आठ वॉटचा संच खरोखर स्वस्त आहे.

तरीही दुसरा प्रश्न शिल्लक राहतोच. त्या २१,२४९ पैकी वस्तूची किंमत किती आणि उधारीची किती? रोजचे पन्नास शिलिंग मनाला सोपे वाटतात, म्हणूनच त्यामागचं व्याज दिसत नाही. रोखीची किंमत, हप्त्यांची एकूण किंमत आणि मुदत या तीन गोष्टी गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत विक्रीपूर्वी सांगणं सक्तीचं असावं, अशी मागणी ग्राहक संरक्षणावर काम करणारे लोक करतात. ती अगदी रास्त आहे.

कंपन्या का बुडतात

आता दुकानदाराच्या बाजूने पाहू. कंपनी चीनमधल्या कारखान्याला पैसे आधी देते, डॉलरमध्ये. जहाज, बंदर, आयात शुल्क, गोदाम, मग खेड्यापर्यंतची वाहतूक आणि एजंटचं कमिशन, हे सगळं पदरचं जातं. गिऱ्हाइकाकडून पैसे परत येतात वर्ष-दोन वर्षांत, तुकड्यातुकड्यांनी, स्थानिक चलनात. त्यामुळे या धंद्यात एक उलटा नियम आहे: विक्री जितकी जोरात, तितकी तिजोरी लवकर रिकामी. वाढत्या कंपनीला सतत नवं कर्ज लागतं. आणि ठरलेल्या हप्त्यांपैकी सगळे कधीच येत नाहीत. या क्षेत्रात शंभरातले साठ-सत्तर वेळेवर वसूल होणं ही नेहमीची स्थिती मानली जाते. पुष्कळ घरं बुडवत नाहीत, फक्त उशिरा देतात. पण कंपनीच्या कर्जावरचं व्याज त्या उशिराची वाट पाहत नाही.

सुरुवातीच्या काळात अनेक कंपन्यांनी एजंटला प्रत्येक विक्रीमागे कमिशन दिलं. एजंटने साहजिकच ज्याला झेपेल आणि ज्याला झेपणार नाही अशा दोघांनाही संच विकला. गुंतवणूकदारांना गिऱ्हाइकांचा चढता आलेख दिसत होता, थकबाकी मागाहून कळली. नंतर कंपन्या कमिशनचा भाग वसुलीशी जोडू लागल्या.

बर्लिनची मोबिसोल ही कंपनी टांझानिया, रवांडा आणि केनियात मोठे, टीव्ही चालवणारे संच विकत होती. वस्तू दर्जेदार होती, गिऱ्हाईक होतं. तरी एप्रिल २०१९ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या एंजी या ऊर्जा कंपनीने ती विकत घेतली. चांगलं तंत्रज्ञान असलेली कंपनीही भांडवलाच्या चणचणीने बसू शकते, हे तेव्हा सगळ्यांना उमगलं.

त्याहून कठीण घाव चलनाचा. नायजेरियाने जून २०२३ मध्ये नायराचा दर बाजारावर सोडला. तोवर डॉलरला ४६० च्या आसपास असलेला नायरा २०२४ च्या सुरुवातीला १,५०० च्या पलीकडे गेला. ज्या कंपनीने डॉलरमध्ये कर्ज काढलं होतं तिचं देणं नायरात तिपटीहून जास्त झालं. गिऱ्हाइकाचा हप्ता मात्र करारात ठरलेला, जुन्याच नायरात. कोणी फसवलं नाही, कोणी चुकलं नाही, तरी हिशोब कोसळला. अशा धक्क्याचा भार शेवटी नव्या गिऱ्हाइकावर पडतो, कारण पुढच्या संचाची किंमत वाढते.

म्हणून स्थानिक चलनातलं कर्ज हा या क्षेत्रातला आजचा सगळ्यात महत्त्वाचा विषय आहे. त्यासाठी वापरली जाणारी एक पद्धत म्हणजे हजारो घरांकडून येणे असलेले हप्ते एकत्र बांधायचे, ते एका वेगळ्या संस्थेच्या नावावर करायचे आणि त्यांच्या जोरावर गुंतवणूकदारांकडून पैसे उभे करायचे. सन किंग या सौर कंपनीने केनियात २०२३ साली सिटी बँकेच्या साथीने १३ कोटी डॉलरचा असा व्यवहार केला, आणि २०२५ साली १५ कोटी ६० लाख डॉलर मोलाचा दुसरा व्यवहार केनियन शिलिंगमध्ये केला. खेड्यातल्या पन्नास शिलिंगांच्या हप्त्यावर मोठी बँक विश्वास ठेवू लागली, हे छोटं यश नाही. पण ही दारं मोजक्या बड्या कंपन्यांनाच उघडतात. स्थानिक माणसांनी उभ्या केलेल्या लहान कंपन्यांना अजूनही बँकेत तारण विचारलं जातं, अगदी त्यांच्या गिऱ्हाइकांसारखंच.

याच दबावातून आणखी एक वळण आलं. ज्या कुलपाने संच उधारीवर विकता आला, त्याच कुलपाने स्मार्टफोनही विकता येतो, आणि फोनचं गिऱ्हाईक शहरात, जवळ आणि जास्त कमावणारं असतं. एम-कोपाचा मोठा धंदा आता फोनचाच आहे. कंपनीच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा आहे. अंधारातल्या घराच्या दृष्टीने मात्र एक कसलेला विक्रेता दुसऱ्या गल्लीत वळला.

दिव्याने काय बदलतं

या विषयात उत्साहाच्या भरात फार मोठे दावे केले जातात. सौर दिवा आला की मुलं जास्त शिकतात, घराचं उत्पन्न वाढतं, गरिबी हटते. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी भागात लहान सौर मायक्रोग्रिडवर (एका वस्तीपुरत्या वीज-जाळ्यावर) झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रॉकेलवरचा खर्च घटला, पण बचत वाढली किंवा नवे धंदे निघाले असं काही ठामपणे दिसलं नाही. रवांडातल्या छोट्या संचांच्या प्रयोगातही दिवे-बॅटरीवरचा खर्च कमी झाला, घरातली हवा सुधारली, आणि मुलांच्या अभ्यासाची वेळ दिवसाकडून संध्याकाळकडे सरकली. आफ्रिकेच्या ग्रामीण भागात अनेक घरांनी तर सौर संच यायच्या आधीच रॉकेल सोडून सेलवर चालणारे स्वस्त एलईडी दिवे घेतले होते. तेव्हा प्रत्येक संचामागे इतकं रॉकेल वाचलं असा सरधोपट गुणाकार जिथे दिसेल तिथे जपून वाचावं.

हे निष्कर्ष मला निराशाजनक वाटत नाहीत. बारा वॉट-तासांनी गिरणी चालत नाही, शिलाई यंत्राची मोटर चालत नाही, मग उत्पन्न कुठून वाढणार? रात्री साप-विंचू दिसणं, बाळंतिणीच्या खोलीत धूर नसणं, फोन कधीही लागणं, याचं मोल त्या घराला कळतं. त्यासाठी गरिबी निर्मूलनाचा पुरावा मागायची गरज नाही. उत्पन्न वाढवायचं असेल तर वरच्या पायऱ्यांची वीज द्यावी लागेल, आणि तिचा खर्चही वेगळाच असेल.

जिथे बाजार पोहोचत नाही

रोजचे पन्नास शिलिंग ज्यांना जड आहेत, त्यांच्यापर्यंत बाजार आपणहून जात नाही. कंपनीला रस्ता, मोबाईलचं जाळं आणि नियमित कमाई लागते. म्हणून विक्री थोड्या देशांत आणि त्यातही सोयीच्या जिल्ह्यांत एकवटते, आणि सगळ्यात अंधारी गावं सगळ्यात शेवटी राहतात. इथे सरकारी पैशाशिवाय पर्याय नाही. प्रश्न फक्त तो कसा द्यायचा हा आहे.

टोगोने २०१७ साली सिझो नावाचा कार्यक्रम काढला आणि २०१९ पासून संच घेणाऱ्या घराला हप्त्यासाठी दरमहा २,००० सीएफए फ्रँकचं अनुदान दिलं. पैसे हप्त्याला जोडलेले असल्याने संच चालू ठेवण्यात कंपनीचंही हित राहिलं. रवांडाने कुटुंबाच्या आर्थिक स्तराप्रमाणे अनुदान कमी-जास्त केलं. केनियाने बाजाराने टाळलेल्या १४ काउंटींसाठी (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) स्वतंत्र प्रकल्प आखला. उलट उदाहरणही केनियाचंच. २०२० साली सौर वस्तूंवरची मूल्यवर्धित कराची सवलत काढली, आणि पुढच्याच वर्षी ती परत द्यावी लागली. एका हाताने अनुदान आणि दुसऱ्या हाताने कर, हा प्रकार अनेक देशांत चालतो. त्यात नुकसान होतं ते कायदेशीर मार्गाने, दर्जेदार माल आणणाऱ्यांचं. बिनब्रँडचा स्वस्त माल चोरवाटांनी येतच राहतो. जागतिक बँक गटाने २००७ साली लायटिंग आफ्रिका कार्यक्रम सुरू करून दर्जाच्या चाचण्या ठरवल्या, त्या अशाच मालामुळे. चार महिन्यांत बंद पडलेला कंदील एका घराचे पैसे तर घालवतोच, पण सगळ्या गावाचा सौर विजेवरचा विश्वास उडवतो.

फुकट वाटपाने काय होतं ते बांगलादेशात दिसलं. इडकॉलचा कार्यक्रम जोरात असताना सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून संच मोफत वाटले जाऊ लागले. शेजाऱ्याला फुकट मिळालं तर मी हप्ता का भरू, असं लोकांना वाटलं, आणि ते चूक म्हणता येत नाही. त्याच सुमारास ग्रिडही वेगाने पसरलं. तार दारात आली तसे लोक हप्ते सोडू लागले, आणि भागीदार संस्थांच्या वहीत थकबाकी उरली. मार्च २०२२ मध्ये बांगलादेशाने संपूर्ण विद्युतीकरण जाहीर केलं. देशासाठी ही आनंदाची गोष्ट होती, पण ज्या संस्थांनी वीस वर्षं अंधारात दिवे नेले त्यांच्यासाठी मागे कर्ज राहिलं. ग्रिड कुठे, कधी येणार याचा नकाशा सरकारने आधी खुला केला असता तर हे बरंचसं टळलं असतं.

येमेनमध्ये याच्या नेमकं उलट घडलं. २०१५ नंतर युद्धात ग्रिड कोलमडलं आणि लोकांनी स्वतःच्या पैशाने, दुकानातून मिळेल तसं सौर साहित्य घेऊन घरं उजळली. तिथे योजना बहुतेक मागून आल्या. गरज आणि थोडी ऐपत असेल तर बाजार अनुदानाची वाट पाहत नाही. मालाच्या दर्जावर मात्र तिथे कोणाचंच लक्ष नव्हतं.

२०२४ साली जागतिक बँक आणि आफ्रिकी विकास बँकेने २०३० पर्यंत आफ्रिकेतल्या ३० कोटी लोकांपर्यंत वीज नेण्याचा संकल्प जाहीर केला. त्यातला मोठा वाटा ग्रिडबाहेरच्या सौर विजेचा असणार आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत कोट्यवधी नव्या बॅटऱ्या खेड्यांत जातील. बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते. दर्जाच्या नियमांप्रमाणे घरगुती संचाची हमी किमान दोन वर्षांची असते. हप्ते संपलेले, हमी संपलेली आणि एजंट दुसऱ्या गावी गेलेला, अशा वेळी ती दगावते. जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटरीला निदान भंगारवाला मिळतो, पण तो ती उघड्यावर वितळवतो आणि शिसं मातीत आणि मुलांच्या रक्तात उतरतं. आता सर्रास वापरल्या जाणाऱ्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत भंगारवाल्याला विकण्याजोगं फारसं काही नसतं, म्हणून ती न्यायला कोणी येतच नाही. तिला कारखान्यापर्यंत परत नेण्याचा खर्च आज विक्रीच्या किमतीत बहुतेक ठिकाणी धरलेला नसतो. तो धरायचा असेल तर पहिल्या दिवशीच्या हप्त्यातच धरावा लागेल, आणि अनुदान देणाऱ्यांनी ती अट संच विकला जाण्याआधीच घालावी लागेल.